उंचीचा बाऊ नको, अंदाजाची चूक सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतील वस्त्यांमागच्या रानात झाडावर बसून धनुष्याने हरणे मारणाऱ्यांबद्दलचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. शिकार असावी की नसावी, या वादात आम्हाला पडायचे नाही. पण लेखासोबतच्या चौकटीत ‘उंचावरून सोडलेला बाण जास्त खाली पडतो, म्हणून झाडावरून दिसणारे तिरपे अंतर धरून नेम वर घेतात’ असे छापले आहे. एका वाक्यात दोन चुका आहेत. इकडे धनुर्विद्या शिकणाऱ्या मराठी मुलांचे पालक हे वाचतात आणि मागच्या झाडावर धनुष्यवाला दिसला म्हणून धास्तावलेली कुटुंबेही वाचतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

अमेरिकेत हे सारे यार्डात मोजतात. १ यार्ड म्हणजे ३ फूट, साडीचा वार असतो तेवढाच. समजा, मचाणाची फळी जमिनीपासून १८ फुटांवर आहे. उभ्या शिकाऱ्याचे डोळे तिच्याही वर ५ फूट आणि हरणाच्या छातीचा मध्य जमिनीपासून साधारण २ फूट. म्हणजे डोळा आणि लक्ष्य यांच्या उंचीत २१ फुटांचा, ७ यार्डांचा फरक. हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर उभे असेल तर पायथागोरसच्या नियमाने तिरपे अंतर येते २१.२ यार्ड. ३० यार्डांवर असेल तर ३०.८, १० यार्डांवर १२.२ आणि अगदी ५ यार्डांवर आले तर ८.६. बाण किती खाली ओढला जाणार हे ठरते आडव्या अंतरावरून, म्हणजे बुंध्यापासूनच्या आकड्यावरून. तिरपे अंतर धरून नेम घेतला तर बाण खाली जात नाही, उलट किंचित वर लागतो. चौकटीत दिशाच उलटी झाली आहे.

आता हे ‘किंचित’ किती, तेही पाहा. २० यार्डांना फरक सव्वा यार्डाच्या आत, ३० यार्डांना पाऊण यार्डाच्या आसपास. सेकंदाला २८० फूट वेगाने बाण फेकणाऱ्या आजच्या कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याला एवढ्याने एक इंचही फरक पडत नाही. जवळच्या अंतरात आकड्यांतला फरक मोठा दिसतो खरा, पण तिथे बाण इतका सपाट जातो की २० यार्डांची पिन (धनुष्यावरच्या साइटमध्ये, म्हणजे नेमदर्शकात, त्या अंतरासाठी बसवलेला ठिपका) १० यार्डांवरच्या हरणावर धरली तरी तो इंच-दोन इंचांत लागतो. सपाट जमिनीवर, १८-२० फुटांच्या मचाणावरून, उंचीचा हिशेब जवळजवळ सोडून दिला तरी चालतो. कोन मोजणारी महागडी यंत्रे विकताना हे कोणी सांगत नाही, तो भाग वेगळा.

उतारावर मात्र हिशेब बदलतो. पेनसिल्व्हेनिया किंवा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत मचाण बांधलेले झाडच २५ अंशांच्या उतारावर असते. हरीण खालच्या अंगाला उभे राहिले की झाडाची उंची आणि डोंगराचा उतार यांची बेरीज होते. नजरेची रेषा ३५ अंश खाली झुकली आणि तिरपे अंतर ४० यार्ड भरले, तर आडवे अंतर उरते ३३ यार्ड, कारण ३५ अंशांचा कोसाइन ०.८२ आहे. इथे ४० ची पिन लावली तर बाण साधारण ६ इंच वर जातो, म्हणजे हरणाच्या पाठीवरून किंवा कण्याला लागून. कोन मोजून आडवे अंतर दाखवणाऱ्या रेंजफाइंडरची (किरण सोडून अंतर मोजणाऱ्या यंत्राची) किंमत इथे वसूल होते. त्याच झाडावरून वरच्या अंगाचे हरीण जवळपास डोळ्यांच्या पातळीत येते. तिथे दुरुस्ती काहीच लागत नाही, पण बाणामागे जमिनीचा आडोसा उरेलच असे नाही. हा धोका अंतराच्या चुकीपेक्षा मोठा आहे.

मग माणसे चुकतात कुठे? अंदाजात. सपाट जमिनीवर कोनाने एखाद्या यार्डाचा फरक पडतो, डोळा ५ ते १० यार्डांनी फसवतो. २८० फूट वेगाच्या धनुष्याने २५ यार्डांवरचे हरीण २० चे समजून सोडलेला बाण २ ते ३ इंच खाली लागतो. ३५ चे ३० समजले तर ३ ते ४ इंच. ४५ चे ४० समजले तर ५ इंचांच्या आसपास. चूक तीच ५ यार्डांची, पण अंतर वाढेल तशी तिची शिक्षा वाढत जाते, कारण बाण पुढे पुढे अधिक तीव्रतेने झुकतो. व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम ८ इंचांचे वर्तुळ होते. मध्य धरून मारले तर चुकीला जागा वर ४ आणि खाली ४ इंच एवढीच, आणि त्यात हाताची थरथरही बसवायची आहे. १८० फूट वेगाच्या पारंपरिक रिकर्व्ह (टोके उलट वळलेल्या) धनुष्याला तर २० यार्डांवरच ५ यार्डांची चूक जवळजवळ ६ इंचांत पडते. त्या धनुष्याचे जाणते लोक २० यार्डांपलीकडे हात आवरतात, त्याचे कारण हेच.

डोळा फसतो त्याची काही ठरलेली ठिकाणे आहेत. जमिनीवर आपण अंतर ओळखतो ते मधल्या जमिनीवरून. कुठले झुडूप कुणाच्या मागे आहे, बुंधे किती दाट होत जातात, गवताचा पोत कुठे मिटतो, यावरून. झाडावर चढले की ही मधली जमीन अंगणासारखी पसरते आणि ओळखीच्या खुणा हरवतात. वरून हरणाची पाठ जास्त आणि कूस कमी दिसते. ते लहान भासते, म्हणून लांब वाटते. उघड्या शेतापलीकडचे किंवा मध्ये ओहोळ असलेले हरीण जवळ वाटते, दाट सावलीतले लांब. बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला मुभा असते आणि हरणे नेमकी याच कडेच्या उजेडात हिंडतात. तेव्हा कडा पुसट होतात आणि सगळेच दूर वाटू लागते. हरणाच्या आकारावरून अंतर ताडणारेही आहेत, पण उत्तरेकडचा थोराड नर आणि दक्षिणेतला नर यांच्या अंगात इतका फरक असतो की पाठीपासून छातीच्या तळापर्यंतची उंची पिनांच्या फटीत बसवून अंतर काढणे म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज रचणे.

म्हणून अंतर हरीण येण्याआधी मोजून ठेवायचे असते. हंगामापूर्वी भर दुपारी मचाणावर चढावे, हरणांच्या वाटा पाहाव्यात आणि त्यांच्या कडेच्या सहा-आठ खुणा पक्क्या कराव्यात. खूण अशी हवी की जी पहाटेच्या काळोखातही ओळखू येते. पांढऱ्या सालीचा बर्च, पडका ओंडका, एकटी शिळा चालेल. पानांचा रंग किंवा झुडूप नको. महिन्याभरात पानगळ झाली की झुडूप सापडत नाही. खूण नसेल तिथे दगड रचावा किंवा नारिंगी फीत बांधावी. निळी नको. हरणांच्या डोळ्यांना तांबडा-नारिंगी रंग नीट उमगत नाही, निळा मात्र चांगला दिसतो.

मोजण्यातही एक युक्ती आहे. कोन न मोजणारा साधा रेंजफाइंडर असेल तर खुणेच्या झाडाच्या बुडाशी किरण मारू नये. त्याच झाडाच्या खोडावर, आपल्या डोळ्यांच्या पातळीत येईल तिथे मारावा. मग येणारा आकडा आपोआप आडव्या अंतराचा असतो, कोसाइनची गरजच राहत नाही. खालच्या उतारावरही हे जमते, फक्त तिथले झाड पुरेसे उंच हवे. सगळे आकडे छोट्या चिकटपट्टीवर लिहून धनुष्याच्या मुठीच्या आतल्या बाजूला लावावेत: ‘बर्च १८, शिळा २४, ओंडका ३१’. समोर हरीण उभे असताना छातीत धडधड सुरू होते आणि दुपारी पाठ केलेले आकडे हमखास अदलाबदल होतात.

यानंतर हरीण शिळा आणि ओंडका यांच्या मध्ये थांबले तर विचार एवढाच उरतो: २४ पेक्षा जास्त, ३१ पेक्षा कमी, मध्य धरा २७ किंवा २८. पिना २०, ३० आणि ४० च्या असतील तर ३० ची पिन छातीच्या मध्यापेक्षा किंचित खाली धरावी. एकच सरकती पिन वापरणाऱ्यांनी ती हरीण येण्याआधी २५ वर लावून ठेवावी. ऐन वेळी चकती फिरवत बसले की दोन धोके असतात: हालचाल दिसते, आणि फिरवलेली पिन परत आणायची विसरते.

रेंजफाइंडर जवळ असला तरी डोळ्याचा सराव सोडू नये. काळ्या अंकांचा पडदा अंधुक उजेडात वाचता येत नाही, तिथे लाल उजळणारे अंकच उपयोगी. भिंगावर श्वासाचे दव धरते. थंडीत बॅटरी मान टाकते, म्हणून यंत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. सगळ्यात फसवी चूक म्हणजे मधली काडी. किरण हरणापर्यंत न जाता १४ यार्डांवरच्या फांदीवरून परततो, पडद्यावर ठसठशीत १४ उमटते आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो. अनेक यंत्रांत ‘जवळचे आधी’ आणि ‘दूरचे आधी’ अशा दोन पद्धती असतात. रानात ‘दूरचे आधी’ लावून ठेवावी, म्हणजे मधल्या फांद्या वगळल्या जातात. धुक्यात आणि पावसात मात्र तिचाही भरवसा नाही. दोनदा मोजून दोन वेगळे आकडे आले तर दोन्ही सोडून जवळच्या खुणेवर यावे.

डोळ्याच्या सरावाला जंगल लागत नाही. फिरायला निघाल्यावर समोरचा दिव्याचा खांब किती यार्डांवर आहे ते आधी मनाशी बोलायचे आणि मग मोजायचे. हा क्रम उलटा झाला की सराव फुकट जातो. १० यार्डांचे माप डोळ्यात बसवून ते पुढे पुढे ठेवत जाणे ही एक रीत. लक्ष्याच्या निम्म्या अंतरावरची जागा शोधून तिथवरचे अंतर ताडणे आणि दुप्पट करणे ही दुसरी. तिसरी रीत आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. ‘कमीत कमी किती असेल’ आणि ‘जास्तीत जास्त किती’ असे दोन आकडे धरून त्यांचा मध्य घ्यायचा. दोन आकड्यांतली फट १० यार्डांहून मोठी निघाली तर बाण सोडायचा नाही, हा निर्णयही त्यातच मिळतो. आपली चूक नेहमी कमीच्या बाजूला होते की जास्तीच्या, हे वहीत नोंदवले की महिन्याभरात कल कळतो. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ५० मीटरच्या ठरलेल्या अंतरावर बाण मारतात. त्या खेळात अचूकतेचा कस लागतो, अंदाजाचा नाही. अंदाजाचा कस पाहायचा तर मोकळ्या रानात खेळल्या जाणाऱ्या ‘फील्ड’ प्रकारातल्या अंतर न सांगितलेल्या फेऱ्या खेळाव्यात. तिथे रेंजफाइंडरला बंदी असते.

चौकटीत ‘नेम वर’ म्हटले आहे, त्याला एका वेगळ्या अर्थाने आधार आहे. तो गुरुत्वाकर्षणाचा नाही, हरणाच्या शरीराचा आहे. वरून येणारा बाण छातीत शिरतो उंचावर आणि पलीकडे निघतो खाली. छातीची रुंदी फूटभर धरली तर २० यार्डांवरून, १९ अंशांच्या कोनात, बाण बाहेर पडतो शिरल्या जागेपेक्षा ४ इंच खाली. १० यार्डांवर कोन ३५ अंशांचा होतो आणि हा फरक ८ इंचांवर जातो. दोन्ही फुप्फुसांतून बाण जायचा असेल तर शिरण्याची जागा या फरकाच्या निम्मी वर हवी: २० यार्डांना २ इंच, १० यार्डांना ४. ५ यार्डांवर कोन ५५ अंशांच्या घरात पोचतो आणि बाण एकाच फुप्फुसातून उतरण्याचा धोका असतो. एक फुप्फुस शाबूत असलेले हरीण फार दूर पळू शकते आणि अनेकदा सापडत नाही. म्हणून बुंध्याखाली आलेल्या हरणावर घाई करू नये, त्याला १५ यार्डांपर्यंत जाऊ द्यावे. फार उंच मचाण बांधण्याचा सोस असणाऱ्यांनी हा कोन ध्यानात घ्यावा. २५ फुटांवर वास आणि हालचाल लपते, पण कोन बिघडतो.

अंतर बरोबर आणि पिनही बरोबर, तरी बाण वर गेला, असे झाले तर बहुधा दोष कमरेत असतो. खाली मारताना फक्त धनुष्याचा हात खाली केला की खांदा, गाल आणि दोरी यांचा जुळलेला त्रिकोण मोडतो, पीपमधून (दोरीत बसवलेल्या नजरेच्या छिद्रातून) नजर वेगळ्या जागेवर पडते आणि नेम बिघडतो. आधी समोर आडवे ताणून घ्यावे आणि मग कमरेतून वाकावे. बाण डावी-उजवीकडे जात असेल तर साइटचा तिसरा अक्ष, म्हणजे धनुष्य वर-खाली झुकवल्यावरही साइटची पातळी खरी राहते का, ती जुळणी तपासावी. समोर सपाट नेम धरलेला असताना साइटवरचा पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर दिसतो, खाली झुकवल्यावर तो खोटे बोलू लागतो. हा दोष जमिनीवरच्या सरावात कधीच कळत नाही. सरावाचे काही बाण उंचावरून मारावेत ते एवढ्यासाठी. चढण्याआधी पूर्ण अंगाचा हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा), जमिनीपासूनच जीवनदोरीला अडकवलेला, आणि धनुष्य बाण न लावता दोरीने मागून वर ओढायचे. यात सूट नाही.

आवाजाचाही हिशेब आहे. ३० यार्डांवर २८० फूट वेगाचा बाण पोचायला सेकंदाचा साधारण तिसरा भाग लागतो, दोरीचा आवाज ०.०८ सेकंदांत पोचतो. उरलेल्या पाव सेकंदात सावध हरीण उडी मारण्यासाठी आधी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो. शिकारी म्हणतो अंतर चुकले, पण अंतर बरोबरच असते. मान वर, कान टवकारलेले असे हरीण २५ यार्डांपलीकडे असेल तर थांबावे.

आता धास्तावलेल्या कुटुंबांसाठी. न्यू जर्सीत २०१० च्या बदलाने धनुष्यासाठी इमारतीपासूनचे अंतर ४५० फुटांवरून १५० फुटांवर आले. मात्र १५० ते ४५० फुटांच्या पट्ट्यात शिकारी किमान ८ फूट उंचीवर असला पाहिजे आणि त्याने खालच्या दिशेनेच बाण सोडला पाहिजे, अशी अट आहे. तिचा अर्थ वरच्या कोनांत आहे. १८ फुटांच्या मचाणावरून २० यार्डांवर सोडलेला बाण हरणाच्या छातीतून पलीकडे गेला तरी साधारण ६ फुटांत जमिनीत रुततो, ३० यार्डांवर सोडलेला ९ फुटांत. जमिनीवर उभे राहून मारलेला बाण मात्र चुकल्यास कितीतरी यार्ड पुढे जातो. झाडावरचा धनुष्यवाला भीतिदायक दिसतो, पण त्याच कुंपणामागे जमिनीवर उभ्या असलेल्यापेक्षा तो कमी धोक्याचा. आपल्या जागेत परवानगीवाचून कोणी आले असेल तर तो प्रश्न निराळा, त्यासाठी पोलीस आहेत.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि मचाणाचा उपयोग बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी पाहण्यापुरता उरला आहे. पण अंतराचे हेच गणित व्याघ्रगणनेत चितळ-सांबरांची घनता काढणाऱ्यांच्या हाती रोज येते. ठरलेल्या रेषेवरून चालताना दिसलेल्या कळपाचे अंतर रेंजफाइंडरने आणि दिशा होकायंत्राने घेतात, मग त्या अंतराला, कळपाची दिशा आणि रेषा यांच्यातल्या कोनाच्या साइनने गुणून कळप रेषेपासून किती दूर होता ते काढतात. ६० मीटर आणि ३० अंश असतील तर ३० मीटर. घनता नकाशावरच्या सपाट क्षेत्रफळाची असते, त्यामुळे इथेही अंतर आडवे हवे. मेळघाटच्या उतारावर तिरपे अंतर नोंदले तर कळप आहे त्याहून दूर धरला जातो आणि घनता कमी निघते. मोजणीला निघण्यापूर्वी गटातली सगळी यंत्रे एकाच पद्धतीवर, आडव्या अंतरावर, लावली आहेत ना, एवढे गटप्रमुखाने तपासावे आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

आपले,
धनुर्विद्या शिकवणारे काही मराठी वाचक, न्यू जर्सी